मूकपटातला मुखवटाधारी नायक: कोणाला किती जागा मिळाली, ते कसं तपासायचं

डग्लस फेअरबँक्सचा 'द मार्क ऑफ झोरो' १९२० साली आला. जुन्या कॅलिफोर्नियातला जमीनदाराचा मुलगा दिवसा आळशी, जांभया देणारा डॉन डिएगो असतो आणि रात्री मुखवटा चढवून झोरो होतो. जुलमी राज्यपालाच्या शिपायांना तो तलवारीच्या टोकाने 'झेड'ची खूण करून सोडतो. कायदा हातात घेणाऱ्या नायकाच्या पुढच्या असंख्य चित्रपटांचा साचा इथे दिसतो. नायक गरिबांच्या आणि मूलनिवासींच्या बाजूने लढतो, म्हणून या चित्रपटात वंचितांना चांगलं प्रतिनिधित्व मिळालं आहे, असं पाहणारा सहज म्हणून जातो. चूक इथेच होते. कोणाची कणव येणं वेगळं आणि त्याला पडद्यावर काही करायला मिळणं वेगळं. हा फरक मत म्हणून मांडायचा नसतो, तो मोजून दाखवता येतो. त्यासाठी एक वही, घड्याळ दाखवणारा प्लेअर आणि तीन वेळा चित्रपट बघण्याची तयारी एवढं पुरतं.

आधी प्रत नीट निवडा

मूकपटाच्या वेगवेगळ्या प्रतींची लांबी वेगवेगळी असते आणि त्यामुळे पहिल्याच पायरीवर गोंधळ होतो. त्यामागचं गणित सोपं आहे. ३५ मिलिमीटर फिल्मच्या एका फुटात १६ चौकटी (फ्रेम) बसतात आणि पूर्ण भरलेलं रीळ साधारण १००० फुटांचं असतं. 'झोरो' आठ रिळांचा. सेकंदाला २४ चौकटी या वेगाने ८००० फूट फिल्म सुमारे ८९ मिनिटांत संपते, तर २० चौकटींच्या वेगाने तिला सुमारे १०७ मिनिटं लागतात. म्हणजे छोट्या प्रतीतून काही कापलेलंच असेल असं नाही, कदाचित ती नुसतीच जोरात पळवलेली असेल. माणसं तुरुतुरु चालत असतील, घोडे खेळण्यासारखे उड्या मारत असतील, तर प्लेअरचा वेग ०.८५ पट करून पाहा. चालणं नैसर्गिक वाटलं की तो वेग पक्का करा.

यावरून एक नियम निघतो: कोण पडद्यावर किती मिनिटं आहे हे लिहू नका, एकूण वेळेच्या किती टक्के आहे ते लिहा. समजा, १०७ मिनिटांत एका गटाला ६ मिनिटं मिळाली, तर वाटा ५.६ टक्के. प्रत बदलली तरी हा आकडा जवळपास तोच राहतो, मिनिटं मात्र बदलतात.

पात्रांचे संवाद आणि निवेदन पडद्यावर लिहून दाखवणाऱ्या पाट्या मूळच्या आहेत की नंतर बनवलेल्या, हेही पाहून घ्या. अक्षराचं वळण मधेच बदललं, किंवा काही पाट्या स्वच्छ आणि बाकीच्या ओरखडे पडलेल्या दिसल्या, की त्या नंतर घातलेल्या असण्याची शक्यता मोठी. अशा पाटीतल्या एखाद्या शब्दावर निष्कर्ष उभा करू नका.

तीन वेळा पाहायचं, प्रत्येक वेळी वेगळं

पहिल्यांदा न थांबता, संगीतासह, नुसता चित्रपट म्हणून पाहा. फेअरबँक्स भिंतीवरून उडी मारतो, छपरावरून निसटतो, पाठलाग करणाऱ्यांना दमवतो, ते मनापासून बघा. चित्रपट कशामुळे चालला हे ज्याने अनुभवलं नाही, त्याची टीका कोरडी राहते.

दुसऱ्यांदा आवाज बंद. मूकपटाला आज लावलेलं संगीत बहुतेक वेळा नंतरचं असतं, आणि कोणाची दया यावी, कोणाची भीती वाटावी हे ते आपल्याला नकळत सांगत असतं. आवाज बंद केला की हे सांगणं थांबतं. आता वहीत रकाने आखा: दृश्य क्रमांक, सुरुवात-शेवटची वेळ, चौकटीत कोणते गट, जवळून घेतलेला चेहरा कोणाचा, संवादाची पाटी कोणाच्या नावावर, कृती कोणाची, कृती कोणावर. पन्नास-साठ ओळींत चित्रपट बसतो. 'झोरो'साठी हे गट करा: जमीनदार घराणी, लष्कर आणि राज्यपाल, धर्मगुरू, मूलनिवासी, नोकरचाकर. स्त्रियांची मोजणी वेगळ्या रकान्यात ठेवा, कारण नायिका लोलिता स्त्री आहे तशी जमीनदाराची मुलगीही आहे. एकाच रकान्यात टाकली तर दोन्हींपैकी एक गोष्ट हरवते.

तिसऱ्यांदा नायकाकडे बघायचंच नाही. नजर चौकटीच्या कडांवर आणि पाठीमागच्या रांगेवर ठेवा. भांडी कोण उचलतंय, दार कोण उघडतंय, घोडा कोण धरून उभा आहे, गर्दीत कोणाचा चेहरा ओळखू येतो आणि कोणाची फक्त पाठ दिसते. मूकपटांतलं बरंचसं सत्य इथे सापडतं, कारण मागच्या माणसांना कसं उभं करायचं यावर कोणी फारसा विचार केलेला नसायचा. त्या काळात जे गृहीत होतं, तेच तिथे उतरलेलं असतं.

मोजताना हमखास होणारी एक चूक: शेवटाकडचा लांबलचक पाठलाग एकूण हिशेबात मिसळणं. त्यात झोरो आणि शिपाई यांच्याशिवाय फारसं कोणी नसतं, त्यामुळे बाकीच्या सगळ्यांचे टक्के एकदम खाली येतात. पाठलागासह एक बेरीज आणि पाठलाग वगळून दुसरी, अशा दोन्ही लिहा.

कर्ता कोण, कर्म कोण

सगळ्या पद्धतीत ही पायरी सर्वांत जास्त देऊन जाते आणि तिला शाळेत शिकलेलं व्याकरण पुरतं. प्रत्येक दृश्य एका वाक्यात लिहायचं. क्रियापद साधं ठेवायचं: मारतो, सोडवते, पळतो, सांगते, ठरवतो. मग कोणती नावं कर्त्याच्या जागी येतात आणि कोणती 'ला' (अनेकवचनात 'ना') प्रत्यय लागून येतात ते मोजायचं.

'झोरो'ची वाक्यं अशी होतात. शिपाई मूलनिवासींना छळतात. झोरो शिपायांना शिक्षा करतो. अधिकारी फ्राय फेलिपे या धर्मगुरूला फटके मारवतात. झोरो त्याचा बदला घेतो. कॅप्टन रामोन लोलितावर जबरदस्ती करू पाहतो. झोरो रामोनला गुडघ्यावर आणतो. राज्यपालाची माणसं लोलिताच्या पुलिदो कुटुंबाला तुरुंगात टाकतात. झोरो आणि तरुण जमीनदार त्यांना सोडवतात. मूलनिवासी या सगळ्या व्याकरणात 'ला' लागूनच येतात. त्यांच्यावर अत्याचार होतो आणि त्यांच्यासाठी सूड घेतला जातो. दोन्ही वेळा क्रियापद दुसऱ्याचं असतं.

आता चित्रपटाच्या वळणाचं दृश्य घ्या. झोरोचा माग काढत आलेल्या घरंदाज तरुणांनाच तो त्यांच्या सुखासीनतेबद्दल खडसावतो आणि ते त्याच्या बाजूने शपथ घेतात. बंडाला हाक कोणाला दिली गेली, ते इथे स्पष्ट दिसतं. ज्यांच्या पाठीवर वळ आहेत, त्यांना ती हाक नाही. शेवटी राज्यपालाला पायउतार व्हावं लागतं, पण जमीन, वाडे आणि नोकर ज्यांचे होते त्यांचेच राहतात. वाक्यं लिहून झाल्यावर स्वतःला एकच प्रश्न विचारा: नायक नसता तर या लोकांनी काय केलं असतं, याची एकतरी खूण चित्रपटात आहे का? असेल तर त्या दृश्याची वेळ नोंदवा. नसेल तर तसं स्पष्ट लिहा.

इतिहासाशी ताडून पाहणं

इथे वेळ द्या, घाई करू नका. चित्रपट कॅलिफोर्नियाच्या ज्या काळात घडतो, त्याबद्दल खात्रीची माहिती भरपूर आहे.

फ्रान्सिस्कन या कॅथलिक पंथाची २१ मिशनं, म्हणजे धर्मप्रसाराची केंद्रं, कॅलिफोर्नियात उभी राहिली, पहिलं सान डिएगोला १७६९ मध्ये आणि शेवटचं सोनोमाला १८२३ मध्ये. बाप्तिस्मा घेतलेल्या मूलनिवासींना परवानगीशिवाय मिशन सोडता येत नसे. पळालेल्यांना शिपाई पकडून आणत आणि फटक्यांची शिक्षा होई. १७८६ मध्ये मॉन्टेरेजवळचं मिशन पाहून गेलेल्या ला पेरूज या फ्रेंच दर्यावर्दीने त्या व्यवस्थेची तुलना गुलामांच्या मळ्यांशी केली होती. आता फटक्यांचं दृश्य पुन्हा लावा. पडद्यावर चाबूक धर्मगुरूच्या पाठीवर पडतो. मिशनांमध्ये तो ज्यांच्या पाठीवर पडायचा, ते लोक चित्रपटात त्याच धर्मगुरूच्या छायेत उभे आहेत. वेदना दाखवली आहे, पण पाठ बदलली आहे.

मूलनिवासींनी बंड केलंच नव्हतं का? १७७५ मध्ये कुमेयाय लोकांनी सान डिएगोचं मिशन जाळलं. १७८५ मध्ये सान गॅब्रिएल मिशनविरुद्धच्या उठावात टोयपुरिना ही टोंग्वा जमातीची तरुण स्त्री पुढे होती. कट फुटला आणि तिला हद्दपार केलं गेलं. आणि फेब्रुवारी १८२४ मध्ये, म्हणजे चित्रपटाच्या कथाकाळाच्या अगदी जवळ, सांता इनेस मिशनमध्ये एका चुमाश तरुणाला फटके मारले गेले, त्यावरून चुमाश लोक उठले आणि उठाव तीन मिशनांमध्ये पसरला. ला पुरिसिमा मिशन त्यांनी जवळपास महिनाभर ताब्यात ठेवलं. फटके हेच निमित्त, उठाव हाच परिणाम. फक्त कर्ता वेगळा. ही घटना आणि चित्रपटातलं फटक्यांचं दृश्य वहीत शेजारी शेजारी लिहा. चित्रपटाच्या प्रतिनिधित्वाबद्दल याहून नेमका पुरावा मिळणं अवघड आहे.

दुसरी तपासणी रंगाची. लॉस एंजेलिस १७८१ मध्ये वसवणारे ४४ जण होते आणि त्यांतले बहुतेक आफ्रिकी, मूलनिवासी किंवा मिश्र वंशाचे होते. मेक्सिकोच्या अमलातला कॅलिफोर्नियाचा शेवटचा राज्यपाल पीओ पीको, त्याच्याही पूर्वजांत आफ्रिकी लोक होते. पडद्यावरची घराणी मात्र सरसकट गोरी, 'शुद्ध स्पॅनिश' दिसतात. त्याचं कारण कथाकाळात शोधू नका, चित्रपट बनला त्या काळात शोधा. १८४८ च्या ग्वादालूपे इदाल्गो तहाने कॅलिफोर्निया मेक्सिकोकडून अमेरिकेकडे गेला आणि त्यानंतर जुन्या घराण्यांच्या जमिनी हातातून सुटत गेल्या. सत्ता गेल्यावर मग त्या काळाचं गोड चित्र रंगवणं सोपं झालं. पत्रकार कॅरी मॅकविल्यम्स यांनी पुढे याला 'कल्पित वारसा' म्हटलं. त्याच सुमाराच्या अमेरिकी मूकपटांत मेक्सिकन माणूस बहुधा चोर किंवा दगाबाज असायचा, त्याच्यासाठीची शिवी चित्रपटांच्या नावांतही यायची. १९२२ मध्ये मेक्सिको सरकारने असे चित्रपट काढणाऱ्या कंपन्यांच्या चित्रपटांवर बंदी घातली. झोरो त्या प्रवाहाच्या उलट जातो, हे त्याचं श्रेय त्याला द्यायलाच हवं. मात्र त्याला आदर मिळतो तो स्पॅनिश सरदार म्हणून, मेक्सिकन म्हणून नव्हे. दोन्ही गोष्टी एकाच परिच्छेदात लिहा. एक गाळली की दुसरी खोटी पडते.

चेहऱ्यावरून वंश ठरवू नका

तेव्हाची ऑर्थोक्रोमॅटिक फिल्म निळा आणि हिरवा रंग ओळखायची, लाल जवळजवळ ओळखायचीच नाही. त्यामुळे लाली असलेली त्वचा काळवंडलेली दिसे, लाल ओठ काळे पडत, निळे डोळे पांढुरके होत आणि आकाश कोरं दिसे. हे झाकायला नट चेहऱ्यावर जाड रंगाचा थर देत. लाल ओळखणारी पॅनक्रोमॅटिक फिल्म चित्रपटांत सर्वत्र आली ती १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात. तेव्हा 'हा नट सावळा दिसतो, म्हणजे स्थानिक असावा' किंवा 'याला मुद्दाम काळं रंगवलंय' असं नुसत्या पडद्यावरून ठरवू नका. पार्श्वभूमीत पांढरी भिंत आणि ऊन असेल तर तोच चेहरा दोन दृश्यांत दोन रंगांचा दिसतो.

नटांची नावं शोधा. झोरो: डग्लस फेअरबँक्स. लोलिता: मार्गेरिट द ला मॉट. सार्जंट गोन्झालेस: नोआ बीरी. रामोन: रॉबर्ट मॅकिम. सगळ्या कॅलिफोर्नियन घराण्यांच्या आणि लष्कराच्या मुख्य भूमिका अशाच इंग्रजी बोलणाऱ्या गोऱ्या नटांकडे आहेत. गर्दीतल्या माणसांची नावं श्रेयनामावलीत नसतात. तिथे 'नाव नोंदलेलं नाही' एवढंच लिहा, अंदाज बांधू नका.

बर्नार्डो आणि बाकी काही नोंदी

डिएगोचा नोकर बर्नार्डो (नट टोटे ड्यू क्रो) मुका आहे. मूकपटात सगळीच पात्रं आवाजाविना असतात, तरी याचं मुकेपण वेगळं ठरतं, कारण इतरांना पाट्या मिळतात आणि त्याला पाटी मिळत नाही. त्याला जपून पाहा. हातवारे करताना कॅमेरा त्याच्या हातांवर थांबतो, की समजून घेणाऱ्या डिएगोच्या चेहऱ्यावर? त्याने सांगितलेली गोष्ट पुढची घटना घडवते, की तो फक्त गुपित सांभाळतो? गुपित सांभाळायला न बोलणारा नोकर ही कथेची सोय आहे, आणि ती सोय कोणाच्या शरीरावर उभी केली ते नोंदवायलाच हवं. याच काळात बहिऱ्या प्रेक्षकांना मूकपट इतरांच्या बरोबरीने पाहता येत होते आणि ग्रॅनव्हिल रेडमंडसारखा बहिरा चित्रकार चॅप्लिनच्या चित्रपटांत भूमिका करत होता. म्हणजे 'तेव्हा असं सुचणं शक्य नव्हतं' हा बचाव चालत नाही.

डिएगोचा बुळेपणा तपासताना रुमालाच्या जादू आणि जांभया यांची एक यादी करा. प्रत्येक वेळी शेजारचं कोण नाक मुरडतं, तेही लिहा. पुरुषाने कसं असू नये याची त्या काळाची व्याख्या त्या नाक मुरडण्यांतून आपोआप तयार होते. लोलिताचं उलट करा: ती स्वतः निर्णय घेते ती दृश्यं मोजा. डिएगोला नकार देणं हा तिचा स्पष्ट निर्णय आहे. तो नोंदीत धरा. पुढचे किती निर्णय तिच्या हातात उरतात, ते रकाना सांगेल.

शेजारी दुसरा चित्रपट ठेवा

एकाच चित्रपटावरून 'तो काळच तसा होता' असं म्हणता येत नाही. त्याच १९२० सालचा ऑस्कर मिशो या कृष्णवर्णीय दिग्दर्शकाचा 'द सिम्बल ऑफ द अनकॉन्कर्ड' घ्या. त्यात मुखवटे घालून रात्री घोड्यावरून येतात ते खलनायक आहेत, कृष्णवर्णीय माणसाची जमीन बळकावायला निघालेले. आणि मदत आणायला घोड्यावरून दौडते ती नायिका. पाच वर्षं आधीच्या, १९१५ च्या 'द बर्थ ऑफ अ नेशन'मध्ये हेच मुखवटेधारी स्वार तारणहार म्हणून दाखवले होते, कृष्णवर्णीयांच्या महत्त्वाच्या भूमिका तोंडाला काळं फासलेल्या गोऱ्या नटांनी केल्या होत्या, आणि त्याच वर्षी कू क्लक्स क्लॅन ही कृष्णवर्णीयांवर हिंसा करणारी गोऱ्यांची मुखवटेधारी संघटना पुन्हा उभी राहिली. कर्ता-कर्माची वाक्यं तिन्ही चित्रपटांसाठी लिहा. मुखवटा, घोडा आणि रात्र तिन्हीकडे सारखी, पण 'ला' प्रत्यय कोणाला लागतो ते दर वेळी बदलतं.

मिशोच्या चित्रपटाबाबत एक अडचण येते. त्याची वाचलेली प्रत बेल्जियममध्ये सापडली आणि तिच्या पाट्या फ्रेंच व फ्लेमिश भाषेत होत्या. आज दिसणारा इंग्रजी मजकूर त्यांवरून परत आणलेला आहे. शिवाय हल्लेखोरांना परतवून लावण्याचा भाग हरवला आहे. म्हणून या चित्रपटाच्या पाट्यांतले शब्द मोजू नका, आणि हरवलेल्या भागासमोर टक्क्यांच्या रकान्यात शून्य न लिहिता 'उपलब्ध नाही' लिहा. शून्य लिहिलं, तर जो माणूस पडद्यावर खरंच लढला होता, तो तुमच्या तक्त्यात हात बांधून उभा राहील.